पाणवठ्यावर बसायचे कपडे: डिटर्जंट आणि कंडिशनरचा वास मुळापासून कसा काढायचा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून चांदण्यात प्राणी मोजतात, ती पौर्णिमा जवळ आली की मला ठरलेला फोन येतो. "अरे, मचाणावर नंबर लागलाय, कपडे तीनदा धुतले तरी तो फुलांचा वास जात नाही, काय करू?" तीनदा कशात धुतले विचारलं की उत्तरही ठरलेलं, त्याच मशीनमध्ये आणि त्याच पावडरमध्ये. म्हणून एकदा सगळं नीट क्रमाने लिहून काढतोय, कारण यात सामान फारसं लागत नाही, चुकतो तो क्रम.

परदेशात शिकारीला जाणारे लोक हा उद्योग करतात, त्यांचे त्यासाठीचे वेगळे साबणसुद्धा मिळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, पण पाणवठ्यावर, मचाणावर किंवा हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) रात्रभर गप बसून प्राणी बघणाऱ्याची अडचण तीच आहे: प्राण्याला वास लागला की तो जवळ येत नाही. येवल्याजवळच्या ममदापूरला काळवीट, कोल्हा, लांडगा बघायला जाणाऱ्यांनी हे करावंच. नुसतं नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जात असाल तर वासाची एवढी काळजी नको, तुमच्यासाठी खाली टॉर्चची एक तपासणी दिलीय तेवढी वाचा.

## आधी वास का जात नाही ते समजून घ्या

मळ धुतला की जातो, हा वास तसा जात नाही, कारण तो कपड्यावर राहावा म्हणूनच बनवलेला असतो. फॅब्रिक कंडिशनर धाग्यावर एक मऊ, तेलकट थर बसवतो आणि सुगंध त्या थरात अडकून राहतो. काही कंडिशनर आणि पावडरींमध्ये सुगंधाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात, कपडा घासला गेला की त्या फुटतात, म्हणून कपाटात वास येत नाही आणि अंगात घालून हात हलवला की येतो. पॉलिस्टरमध्ये हा त्रास जास्त, कारण तो धागा तेलकट गोष्टी धरून ठेवतो, सुती कपडा त्यामानाने लवकर सोडतो.

म्हणजे काम आहे थर काढायचं. आणि तोच थर तुमच्या मशीनमध्ये, बादलीत, ब्रशवर आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवरसुद्धा बसलेला असतो, त्यामुळे सुरुवात कपड्यांपासून केली की सगळी मेहनत वाया.

## टप्पा १: सामान जमवा, आणि आठ दिवस हातात ठेवा

आदल्या दिवशी हे होत नाही. भिजवणं, दोन-तीनदा वाळवणं आणि मधे वास तपासणं धरून आठ दिवस तरी लागतात, पावसाळी हवा असेल तर अजून.

लागणाऱ्या गोष्टी:

- धुण्याचा सोडा, अर्धा किलो. किराणा दुकानात मिळतो, सुपरमार्केटमध्ये नसला तर नाशिकच्या रविवार कारंज्याकडच्या जुन्या दुकानांत विचारा.
- पांढरं व्हिनेगर, एक बाटली. चायनीजच्या गाडीवर असतं तेच साधं. ॲपल सायडरवालं नको, त्याला स्वतःचा वास आणि रंग असतो. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्व चालतं.
- बिनवासाचा लिक्विड साबण. लेबलवर 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं हवं, आणि मागच्या घटकांच्या यादीत परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द नको. 'अनसेंटेड' वर भरवसा ठेवू नका, त्यात कधी कधी वास दाबायला दुसरा वास घातलेला असतो. लहान बाळांच्या कपड्यांचे बरेच साबणही वासाचे असतात, बाळाचं चित्र बघून उचलू नका.
- दोन बादल्या, शक्यतो स्टीलच्या. जुन्या प्लास्टिकच्या बादलीत वर्षानुवर्षांचा साबण मुरलेला असतो.
- रबरी हातमोजे, जुना टूथब्रश.

सावधान: दुकानदाराकडे धुण्याचा सोडा मागा आणि पुडीवरचं नाव वाचून घ्या. कॉस्टिक सोडा ही वेगळी आणि घातक वस्तू आहे, कातडी भाजते. खाण्याचा सोडाही वेगळा, तो इथे फार कमी ताकदीचा पडतो. आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा घमेल्यात अजिबात वापरू नका, तो ॲल्युमिनियमला खातो.

रिठ्याचं काय, असं बरेच जण विचारतात. रिठा चांगला आहे, पण त्यालाही आंबूस वास असतो आणि तो घालवायला अजून दोन उन्हं लागतात. बिनवासाचा साबण मिळालाच नाही तर रिठे वापरा.

## टप्पा २: कपडे वेगळे करा

सगळे कपडे एका ढिगात टाकू नका. सुती शर्ट-पँट एकीकडे. पॉलिस्टर आणि मिक्स एकीकडे. रेनकोटसारखं जॅकेट, लोकर आणि डाउनचं (आत पिसं भरलेलं) जॅकेट तिसरीकडे, त्यांना सोड्यात घालायचंच नाही. लोकर सोड्याने खराब होते, आणि वॉटरप्रूफ जॅकेटला गरम पाणी आणि कडक धुणं सोसत नाही. त्यांना कोमट पाणी, थोडा बिनवासाचा साबण, भरपूर खळबळणं आणि चार-पाच दिवस सावलीत वाऱ्यावर, एवढंच.

टोपी, मोजे, रुमाल, गळ्यातला मफलर, बॅगेचे पट्टे आणि कॅमेऱ्याचं कव्हर यांना लोक हमखास विसरतात. मफलर तर नाकातोंडाशी असतो आणि सगळ्यात जास्त वास तोच धरतो.

रंगीत आणि कॅमोफ्लाजच्या कपड्याचा आतला एखादा कोपरा आधी सोड्याच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून बघा. पाण्यात रंग उतरला तर तो कपडा थंड पाण्यात आणि कमी वेळ भिजवायचा.

## टप्पा ३: आधी मशीन आणि बादली धुवा

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळे इथेच फसतात.

मशीनचा पावडरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कंडिशनर ओतायच्या खणाच्या खाली बोट फिरवलंत तर निळसर-गुलाबी चिकट साय लागेल, सायीसारखीच जाड. आमच्या घरी मी पहिल्यांदा काढला तेव्हा ती नखाने खरवडावी लागली आणि हाताचा वास दोन दिवस गेला नाही. दर धुण्याला पाणी त्या सायीवरूनच कपड्यांवर जातं. टूथब्रश आणि गरम पाण्याने ड्रॉवर आणि तो बसतो ती आतली पोकळी घासून काढा.

फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची घडी उलटून आत पुसा, तिथेही असाच थर असतो. मग रिकाम्या ड्रममध्ये अर्धी वाटी धुण्याचा सोडा टाकून सगळ्यात गरम पाण्याची सायकल लावा. टॉप लोडला हीटर नसेल तर गिझरचं कडक पाणी बादलीने ओता, पाच मिनिटं फिरवा, तासभर तसंच राहू द्या, मग सोडून द्या. शेवटी एकदा नुसत्या पाण्याची सायकल.

बादल्या, मग, ब्रश आणि वाळत घालायचे चिमटे हेही सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासा. दोरी नायलॉनची असेल तर ओल्या फडक्याने दोनदा पुसा.

तपासणी: मशीनचं झाकण लावून रात्रभर ठेवा, सकाळी उघडून आत नाक घाला. सुगंध आला तर गरम सायकल पुन्हा. एवढं करायचा कंटाळा असेल तर मशीन सोडून द्या आणि सगळं हाताने बादलीत करा, मी आता तेच करतो.

## टप्पा ४: सोड्याच्या गरम पाण्यात भिजवणं

दहा लिटर पाण्याला चार मोठे चमचे धुण्याचा सोडा. आधी सोडा गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे घाला, नाहीतर खडे कपड्यावर बसून डाग पडतात. सुती कपड्यांना हात घालवणार नाही इतकं गरम पाणी चालतं, पॉलिस्टरला अंघोळीच्या पाण्याएवढंच. कपडे उलटे करून, खिसे बाहेर काढून, बटणं आणि चेन उघडी ठेवून घाला. बादली दाबून भरू नका, कपडा पाण्यात मोकळा हलला पाहिजे.

पाणी रॉडने तापवत असाल तर रॉड बंद करून प्लग काढल्यावरच बादलीला हात लावायचा.

पहिल्या पाच मिनिटांत वाफेबरोबर असा वास येईल की वाटेल कपडे जास्तच वासाळ झाले. घाबरू नका, वास धाग्यातून सुटतोय म्हणून तो हवेत येतोय. पाणी हाताला बुळबुळीत लागेल, वर थोडा फेस येईल, तुम्ही साबण घातलेलाच नाही तरी. तो फेस आधीच्या धुण्यांचा उरलेला साबण आहे. हे बघितल्यावर लोकांना पटतं की आपण पावडर गरजेच्या दुप्पट टाकत होतो.

चार तास ठेवा, सुती असेल तर रात्रभर. पाणी ओतून द्या आणि पुन्हा नव्या पाण्यात, नव्या सोड्यात तेच. कंडिशनर कायम वापरणाऱ्या घरातल्या कपड्यांना तीन वेळा लागतं. अर्ध्या दिवसाने त्याच पाण्यात अजून सोडा टाकण्यात काही अर्थ नाही, सुटलेला वास त्या पाण्यातच असतो.

तपासणी: शेवटच्या वेळी फेस जवळजवळ नको आणि थंड झालेल्या पाण्याला सुगंध नको. सोड्याचं पाणी मुळातच थोडं बुळबुळीत लागतं, त्यामुळे इथे हातापेक्षा फेसावर आणि नाकावर विश्वास ठेवा.

## टप्पा ५: खळबळणं

स्वच्छ पाण्यात चार वेळा. दर वेळी पिळून, मग पुढच्या पाण्यात. वाहत्या नळाखाली धरलं म्हणजे खळबळलं असं होत नाही, कपडा पाण्यात वरखाली झाला पाहिजे.

इथे नाशिकच्या पाण्याचा प्रश्न येतो. नळाला गंगापूर धरणाचं पाणी असेल तर सोपं आहे. पण बोअरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत आणि निफाड-येवल्याकडच्या विहिरींवर पाणी जड असतं, त्यात सोडा पडला की पांढरट खर तयार होते आणि ती धाग्यात बसते. कपडा वाळल्यावर पुठ्ठ्यासारखा कडक होतो, आणि त्या खरीत साबण आणि वास पुन्हा अडकतात. बोअरचं पाणी असेल तर शेवटची दोन पाणी तरी नळाची घ्या, आणि पुढचा टप्पा चुकवू नका.

## टप्पा ६: व्हिनेगर, पण सोड्यानंतर आणि वेगळं

दहा लिटर साध्या पाण्यात एक मोठी वाटी पांढरं व्हिनेगर, किंवा दोन चमचे लिंबूसत्व. अर्धा ते एक तास कपडे ठेवा. याने उरलेला सोडा मारला जातो आणि जड पाण्याची खर विरघळते, कपडा पुन्हा मऊ पडतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत. बुडबुडे येतात, फसफसतं, बघायला छान वाटतं आणि वाटतं आता साफ होतंय, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि तुमच्या हातात जवळपास साधं पाणी उरतं. व्हिडिओ बघून हे करणारे मला दर वर्षी भेटतात.

सावधान: व्हिनेगर किंवा लिंबूसत्व ब्लीचबरोबर कधीही नको, बाथरूम साफ करायचं लिक्विड जवळ सांडलेलं असेल तर आधी ते धुवा. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मग पुन्हा दोन स्वच्छ पाणी. कपडा खरंच मळका असेल तर बिनवासाचा साबण अर्धा चमचा, आणि पुन्हा तीन पाणी. मळका नसेल तर साबणाची गरजच नाही.

## टप्पा ७: वाळवणं

एवढं करून लोक कपडे स्वयंपाकघराच्या बाल्कनीत टाकतात. दुपारी फोडणी, संध्याकाळी उदबत्ती, शेजारच्या दोरीवर त्यांच्या कंडिशनरवाल्या चादरी. ओला कपडा वास ओढून घेतो, त्यामुळे वाळवायची जागा आधी ठरवून ठेवा. गच्चीचा दुसऱ्यांच्या दोरीपासून लांबचा कोपरा सगळ्यात बरा. मळ्यात राहत असाल तर कांद्याच्या चाळीजवळ नको, आणि द्राक्षबागेत फवारणी चालू असेल त्या दिवशी तर नकोच.

उलटे करून, पूर्ण उन्हात, दोन दिवस. मग एकदा नुसत्या पाण्यात भिजवून पुन्हा एक दिवस. हे ओलं-वाळलं दोनदा केलं की हट्टी वाससुद्धा हलतो. एप्रिल-मे मधलं नाशिकचं ऊन यासाठी फार कामाचं आहे. कपड्याचा रंग थोडा विटतो, विटू द्या, उठून न दिसणारा विटका कपडाच आपल्याला हवाय. पावसाळ्यात घरात पंख्याखाली वाळवाल तर कुबट वास बसेल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल, त्यामुळे हवा खुली होईपर्यंत थांबा.

इस्त्रीला देऊ नका. इस्त्रीवाल्याच्या टेबलावरच्या चादरीला शंभर घरांच्या कपड्यांचे वास असतात, शिवाय कोळशाचा धूर आणि वर मारायचा सुगंधी स्प्रे.

## टप्पा ८: वास गेला का, हे स्वतःच्या नाकाने ठरवू नका

तुम्ही आठवडाभर त्या वासात आहात, नाकाला त्याची सवय झालेली असते. मी असाच फसलो होतो. येवल्याकडे एका पाणवठ्याजवळ आम्ही दोघं बसलो होतो, वारा आमच्या पाठीवरून पाण्याकडे. संध्याकाळी एक कोल्हा आला, अगदी आरामात, पाण्यापासून वीसेक पावलांवर थांबला, एक पाय तसाच उचललेला, नाक वर करून दोनदा हवा घेतली आणि आल्या वाटेने निघून गेला. आम्ही हललो नव्हतो, बोललो नव्हतो. माणसाचा वास तर आम्हा दोघांचा होताच, पण शेजारच्या मित्राने तेव्हा कुजबुजत विचारलं, "तुझ्या शर्टाला मोगऱ्याचा वास कसला येतोय?" मला तर काहीच येत नव्हता.

म्हणून डब्याची परीक्षा करा. कपड्याची बाही किंचित ओली करा, घट्ट झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात कोंबा, डबा दोन तास उन्हात ठेवा. मग घरात कंडिशनर न वापरणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, त्यांना झाकण उघडून लगेच वास घ्यायला सांगा. ओल आणि उष्णता मिळाली की लपलेला वास बाहेर येतो, रात्रभर अंगात घातल्यावर घामाने जे होणार तेच इथे दोन तासांत होतं. नुसता कापडाचा, पाण्याचा वास आला तर पास. "छान वास येतोय" म्हणाले तर टप्पा ४ पासून पुन्हा.

दुसरी तपासणी अंधारात, पक्षी बघणाऱ्यांनीही ही करावी. नोटा तपासायचा जांभळा यूव्ही टॉर्च कपड्यावर मारा. कपडा निळसर-पांढरा चमकला तर त्यात पावडरमधलं चकाकी देणारं द्रव्य बसलंय. बऱ्याच पक्ष्यांना आणि हरणांसारख्या काही प्राण्यांना अतिनील प्रकाश दिसतो, आणि हे द्रव्य तोच प्रकाश घेऊन निळी चमक फेकतं. ते धुवून सहज निघत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. फार चमकणारा कपडा घरी वापरा आणि बसायला दुसरा घ्या, त्याला पहिल्या दिवसापासून बिनवासाचा, चकाकीचं द्रव्य नसलेला साबण लावा.

## टप्पा ९: ठेवणं आणि घालणं

कपाटात ठेवायचे नाहीत. कपाटात डांबर गोळ्या असतात, कापूर असतो, आई कुठेतरी चंदनाची वडी ठेवते. घट्ट झाकणाची स्टीलची पेटी किंवा डबा, धुऊन उन्हात वाळवलेला, आणि कपडे त्यात पूर्ण कोरडे झाल्यावरच. किंचित ओल राहिली तरी बुरशी लागते. मोजे आणि बूट वेगळ्या पिशवीत.

प्रवासात ते घालू नका. नाशिकहून येवल्यापर्यंत दोन तास गाडीत परफ्यूमची बाटली लटकलेली असताना तेच कपडे अंगात असतील तर आठवडा फुकट गेला. पेट्रोल भरताना, वाटेत भजी खाताना, सगळीकडे साधे कपडे. तिथे पोचल्यावर, जेवण उरकून, हात साध्या पाण्याने धुऊन मग बदला.

अंगाचंही तेच. त्या दिवशी वासाचा साबण, डिओ, खोबरेल किंवा सुगंधी तेल, आफ्टरशेव्ह नको. डासांच्या क्रीमचा प्रश्न अवघड आहे. मी लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली आणि डोक्यावर जाळी यावर भागवतो. पण डास खूप असतील तर क्रीम लावा, डेंग्यू होण्यापेक्षा एखादा प्राणी न दिसलेला परवडला.

कपड्यांवर शेण, माती किंवा शेकोटीचा धूर लावून वास झाकायच्या भानगडीत पडू नका, खालचा वास तसाच राहतो आणि वर अजून एक चढतो. आणि जंगलातला पाला तोडून कपड्यांत ठेवणं तर अजिबात नको, संरक्षित जागेतलं पान तोडायचं नसतं.

इतकं करूनही तुमचा स्वतःचा, माणसाचा वास राहतोच, तो कुठलाही सोडा काढत नाही. म्हणून बसायच्या आधी चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडून वारा बघा. धूळ पाण्याकडे जात असेल आणि जागा निवडायची मोकळीक असेल तर सामान उचला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसा.